ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचा रेशो बदलताना आणि गिअरबॉक्स थंड ठेवताना

मुंबईहून ट्रेलर जोडून निघायचे म्हटले की घाट चुकत नाही. पुण्याकडे बोरघाट आणि नाशिककडे कसारा घाट वाटेत उभा असतोच. माझ्याकडे फायबरची एक छोटी शिडाची होडी आहे. ती पनवेलजवळच्या एका आवारात ठेवलेली असते आणि पावसाळा सरला की ट्रेलरवर चढवून मी ती पवना धरणावर नेतो. पहिल्याच वर्षी, ऑक्टोबरच्या उकाड्यात, एका शनिवारी सकाळी खोपोलीच्या पुढे वाहतूक तुंबली, गाडी तासभर हातभर-हातभर सरकत राहिली आणि डॅशबोर्डवर गिअरबॉक्सच्या तेलाच्या तापमानाचा दिवा पेटला. करपलेल्या तेलाचा तो आंबूस वास एकदा नाकात बसला की विसरता येत नाही.

त्यानंतर मी जे केले ते सगळे उलट्या क्रमाने केले. आधी क्राऊन-पिनियन (मागच्या अ‍ॅक्सलमधली, चाकांना फिरवणारी दातेरी चाकांची जोडी) बदलले, मग गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर बसवला, आणि गिअरबॉक्समध्ये नेमके किती तापमान होते हे मोजण्याची बुद्धी सर्वांत शेवटी सुचली. योग्य क्रम याच्या नेमका उलट आहे : आधी मोजावे, मग टायर पाहावेत, मग तेल थंड ठेवण्याची सोय करावी आणि एवढे करूनही गरज उरली तरच रेशोला, म्हणजे त्या जोडीच्या दातांच्या प्रमाणाला, हात घालावा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

१. आपली गाडी नेमकी कोणती आहे ते आधी पाहा

हा लेख टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आणि मागच्या चाकांना किंवा चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांसाठी आहे. तुमची गाडी एएमटी, सीव्हीटी किंवा कोरड्या क्लचची डीसीटी अशा दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिकची असेल, तर तिला ट्रेलर लावण्याचा विचार आधी गाडीच्या पुस्तिकेतील ओढण्याची मर्यादा वाचूनच करावा. कोरड्या क्लचला तेलाचा कूलर काहीच मदत करू शकत नाही. साध्या हाताच्या गिअरच्या गाडीत हीच उष्णता क्लच प्लेटवर पडते, आणि चढावर हाफ-क्लचवर गाडी धरून ठेवण्याची सवय मोडणे हाच तिथला मोठा उपाय आहे.

त्यानंतर आपला सध्याचा रेशो शोधा. रेशो म्हणजे क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागून येणारी संख्या. क्राऊनला ४१ आणि पिनियनला ११ दात असतील तर ३.७३, आणि ४१ व १० असतील तर ४.१०. मागच्या अ‍ॅक्सलच्या हाउजिंगच्या (ही जोडी ज्या खोक्यात बसते त्याच्या) बोल्टखाली कधीकधी एक पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर ही संख्या ठोकलेली सापडते. पट्टी नसेल तर गिअर न्यूट्रलमध्ये घेऊन, पुढच्या चाकांना ओट (चाक सरकू नये म्हणून ठोकळा) लावून, मागची दोन्ही चाके स्टँडवर उचलावीत, प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणाऱ्या दांड्यावर) खडूने खूण करावी, एक चाक घट्ट धरून ठेवावे आणि दुसरे बरोबर दोन फेरे फिरवावे. तेवढ्यात शाफ्टचे जितके फेरे होतील तितका तुमचा रेशो. हिशेब साध्या, म्हणजे लिमिटेड-स्लिप नसलेल्या डिफरन्शियलसाठी (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेसाठी) आहे. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. स्टँड लावल्याशिवाय हे काम करूच नये.

२. कागदपत्रे आधी जमवा

ट्रेलरला स्वतःची नोंदणी लागते, हे अनेकांना ट्रेलर घेऊन झाल्यावर कळते. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रेलर हे वेगळे वाहन आहे. नव्या ट्रेलरच्या नोंदणीसाठी फॉर्म २० चा अर्ज, विक्रेत्याचा फॉर्म २१ आणि उत्पादकाचा फॉर्म २२ लागतो. आपल्या पत्त्याप्रमाणे ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवलीच्या आरटीओकडे हे काम पडते. फॅब्रिकेशनच्या दुकानातून हौसेने बनवून घेतलेल्या ट्रेलरला फॉर्म २२ मिळत नाही आणि तिथेच गाडे अडते, म्हणून पैसे देण्याआधी कागद पाहावेत.

त्याच कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो प्रमाणपत्रावर लिहिलेला नसतो, तरीही विमा कंपनीला बदल लेखी कळवून पोच घेणे आणि वॉरंटीवर काय परिणाम होतो ते लेखी विचारणे हेच शहाणपणाचे. माझ्या फाईलमध्ये मी गाडीचे आणि ट्रेलरचे नोंदणी प्रमाणपत्र, दोन्हींचा विमा, पीयूसी, पुस्तिकेतील ओढण्याच्या मर्यादेचे पान, वजनकाट्याची पावती, आणि क्राऊन-पिनियन, बेअरिंग व कूलरची जीएसटी बिले ठेवली आहेत.

वजनकाट्याची पावती तेवढी विसरू नका. होडी, ट्रेलर, दोर, नांगर, इंधनाचा कॅन हे सगळे चढवून एकदा काट्यावर जावे. माझ्या अंदाजात आणि काट्यात जवळजवळ दोनशे किलोंचा फरक निघाला. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडण्याच्या जागी, यावा. फार कमी आला तर ट्रेलर डुलतो आणि फार जास्त आला तर गाडीची मागची बाजू दबून पुढच्या चाकांची पकड कमी होते.

३. तापमान मोजण्याची सोय करा

इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावर स्थिर असतो म्हणून सारे ठीक आहे, ही सर्वांत महागात पडणारी समजूत आहे. तो काटा कूलंटचा असतो. गिअरबॉक्सचे तेल त्याच वेळी चाळीस अंशांनी अधिक तापलेले असू शकते आणि कूलंटला त्याची दादही नसते.

ओबीडी पोर्टमध्ये (गाडीच्या संगणकाशी जोडणाऱ्या खाचेत) बसणारे ब्लूटूथ उपकरण आणि मोबाईलवरील अ‍ॅप यांच्या साहाय्याने पुष्कळ गाड्यांत एटीएफचे, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचे, तापमान थेट वाचता येते. तुमच्या गाडीत ते दिसत नसेल तर वेगळा सेन्सर बसवून घ्यावा लागेल, आणि तो कुठे बसवला आहे याला फार महत्त्व आहे. तेलाच्या पॅनमधील सेन्सर साठ्याचे सरासरी तापमान दाखवतो; गिअरबॉक्समधून कूलरकडे जाणाऱ्या नळीतला सेन्सर टॉर्क कन्व्हर्टरमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या तेलाचे तापमान दाखवतो आणि चढावर तो काही क्षणांत वर उडी मारतो. दोन्ही आकडे खरेच असतात, पण एकाची मर्यादा दुसऱ्याला लावली तर विनाकारण घाबरगुंडी उडते किंवा, त्याहून वाईट, खोटा दिलासा मिळतो.

पॅनमधील तापमान ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असेल तर निर्धास्त राहावे. १०५ च्या वर गेले की भार हलका करावा आणि १२० ला पोहोचण्याआधी सुरक्षित जागा पाहून थांबावे. जुन्या मिस्त्री मंडळींचा आडाखा असा आहे की ८० अंशांच्या वर दर दहा-अकरा अंशांमागे तेलाचे आयुष्य निम्मे होते. आडाखाच तो, पण त्यामागची रीत खरी आहे : तेल करपले की त्याची पकड सुटते, क्लचच्या पट्ट्या घसरू लागतात, घसरल्याने आणखी उष्णता होते आणि त्या उष्णतेने तेल आणखी करपते.

ही उष्णता येते कुठून? टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारे फक्त तेल असते. लॉक-अप क्लच बसला की दोन्ही बाजू एकत्र फिरतात आणि उष्णता जवळपास थांबते. तो सुटला की एक बाजू दुसरीपेक्षा वेगाने फिरते आणि तो फरक तेल ढवळण्यात खर्च होतो. माझी भरलेली गाडी आणि ट्रेलर मिळून सुमारे ३,१०० किलो होतात. शंभराला पाच असा चढ ताशी ४० किलोमीटर वेगाने चढायला चाकांवर साधारण २३ किलोवॅट शक्ती लागते. लॉक-अप सुटलेला असेल आणि इंजिनाच्या शक्तीचा पाचवा हिस्सा कन्व्हर्टरमध्ये वाया जात असेल, तर सुमारे सहा किलोवॅट उष्णता थेट तेलात जाते. न्हाणीघरातला गिझर दोन किलोवॅटचा असतो. असे तीन गिझर त्या काही लिटर तेलात एकाच वेळी चालू आहेत असे समजा.

एक-दोन फेऱ्यांत तापमानाची नोंद वहीत ठेवावी : ठिकाण, वेग, गिअर, एसी चालू की बंद, तापमान. पुढचे सगळे निर्णय त्या वहीवरून घ्यायचे आहेत.

४. टायरचे गणित मांडा

या पायरीवर मी सर्वांत मोठी चूक केली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

टायर मोठा झाला की रेशो आपोआप उतरतो, कारण एका फेऱ्यात गाडी अधिक अंतर कापते आणि तेवढ्याने इंजिनाचा जोर कमी पोहोचतो. माझ्या गाडीला मूळ २४५/७० आर १६ मापाचे टायर होते. त्यांचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर. आधीच्या मालकाने रुबाबासाठी २८५/७५ आर १६ बसवले होते, ज्यांचा व्यास सुमारे ८३४ मिलिमीटर भरतो, म्हणजे अकरा टक्क्यांहून अधिक. गाडीचा रेशो ३.७३ होता, पण या टायरांवर तो प्रत्यक्षात ३.३५ सारखा वागत होता. मी खर्च करून ४.१० चे क्राऊन-पिनियन बसवले आणि मोठे टायर तसेच ठेवले. परिणामी गाडी ३.६८ सारखी वागू लागली, म्हणजे कारखान्यातून निघाली होती जवळजवळ तिथेच परत आली. एवढे तर मूळ मापाचे टायर घालूनही झाले असते, आणि ते दुपारभरात झाले असते.

सूत्र सोपे आहे. सध्याच्या रेशोला मूळ टायरच्या व्यासाने गुणावे आणि आताच्या टायरच्या व्यासाने भागावे. उत्तर मूळ रेशोपेक्षा बरेच कमी आले तर आधी टायर बदला.

टायर मूळ मापाचे असूनही घाटात गिअरबॉक्स सारखा वर-खाली गिअर बदलत राहतो का, आणि लॉक-अप बसतो-सुटतो का, हे वहीत पाहावे. तसे होत असेल तरच रेशो वाढवण्यात अर्थ आहे, कारण ३.७३ वरून ४.१० वर गेल्यास प्रत्येक गिअरमध्ये चाकांवरचा जोर सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो, गिअरबॉक्सवरचा ताण तेवढ्याच प्रमाणात उतरतो आणि लॉक-अप अधिक काळ टिकतो. त्याची किंमत इंजिनाच्या फेऱ्यांत मोजावी लागते. २६५/६५ आर १७ टायरवर ताशी ८० किलोमीटर वेगाला, थेट गिअरमध्ये (गिअरबॉक्स इंजिनाचे फेरे जसेच्या तसे पुढे देतो तेव्हा), ३.७३ ला इंजिन मिनिटाला सुमारे २,०४० फेरे घेते आणि ४.१० ला सुमारे २,२४०. ट्रेलर नसलेल्या दिवशीही हे फेरे तसेच राहतात आणि डिझेल तेवढे अधिक जाते. आठ किंवा दहा गिअरच्या नव्या गाड्यांत खालचे गिअर मुळातच जोरकस असतात. अशा गाडीचा रेशो बदलण्याचा सल्ला मी सहसा देणार नाही.

५. कूलर बसवून घ्या

बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचे तेल रेडिएटरच्या आतल्या छोट्या कूलरमधून फिरते. ते तेल कूलंटपेक्षा थंड होऊ शकत नाही, आणि घाटात कूलंटच नव्वदीत असते. म्हणून बाहेरचा, हवेवर चालणारा कूलर लागतो. नळीला पातळ पाती लावलेल्या जुन्या पद्धतीच्या कूलरपेक्षा एकावर एक पट्ट्या रचलेला प्लेट प्रकारचा कूलर त्याच आकारात अधिक उष्णता काढतो, तोच घ्यावा.

जोडणीचा क्रम असा ठेवा : गिअरबॉक्स, मग रेडिएटरमधील कूलर, मग बाहेरचा कूलर, आणि तिथून परत गिअरबॉक्स. थंड सकाळी रेडिएटर तेलाला लवकर उबदार करतो आणि घाटात शेवटचा हात बाहेरच्या कूलरचा राहतो. जोडणी करून घेताना या गोष्टींवर स्वतः लक्ष ठेवा :

- नळी गिअरबॉक्सच्या तेलासाठीचीच असावी. पेट्रोलची नळी उष्णतेने मऊ पडते आणि घाटातच निसटते.
- कूलरची तोंडे वर किंवा बाजूला असावीत; खाली ठेवल्यास आत हवा अडकते.
- प्लास्टिकचे बंध जाळीतून आरपार ओवून कूलर रेडिएटरला बांधू नये. गाडीच्या हादऱ्यांनी ते बंध रेडिएटरच्या नळ्या घासून भोके पाडतात. लोखंडी पट्टी वळवून फ्रेमला बोल्ट करावा.
- काम संपल्यावर वाढलेल्या नळ्यांइतके तेल भरावे आणि पातळी उत्पादकाने दिलेल्या तापमानालाच, इंजिन चालू ठेवून तपासावी.

मुंबईकरांसाठी यात एक वेगळी बाब आहे. अमेरिकेत ट्रेलर ओढण्याची क्षमता एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ या प्रमाणानुसार ठरवतात. त्यात अ‍ॅरिझोनातील डेव्हिस डॅमचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ, किमान १०० अंश फॅरनहाइट म्हणजे जवळपास ३८ अंश सेल्सिअस तापमानात, एसी पूर्ण चालू ठेवून चढायचा असतो आणि मागे एकेरी चाके असलेल्या गाडीचा वेग ताशी ४० मैलांच्या, म्हणजे सुमारे ६४ किलोमीटरच्या, खाली जाऊ द्यायचा नसतो. परीक्षा कडक आहे, पण तिथे गाडी सतत पळत असते आणि समोरून वारा मिळत असतो. शनिवारी सकाळी बोरघाटात गाडी पळत नाही. तिथे वारा शून्य, पुढे ट्रकचा गरम धूर आणि चढ मात्र तोच. म्हणून आपल्याकडच्या कूलरला स्वतःचा विजेचा पंखा असलाच पाहिजे, आणि तो तेल ठरावीक तापमानाला पोहोचताच आपोआप सुरू होणारा असावा. माझ्या वहीत कूलरमुळे चालत्या गाडीचे तापमान आटोक्यात दिसले, पण तुंबलेल्या घाटातले तापमान पंखा बसवल्यावरच उतरले.

जुना रेडिएटर असेल तर त्याची तपासणी करून घ्या. आतला कूलर गळू लागला की कूलंट एटीएफमध्ये मिसळते आणि तेल स्ट्रॉबेरीच्या दुधासारखे गुलाबी, फेसाळ होते. असे तेल दिसले तर गाडी एक किलोमीटरही चालवू नये. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेने कूलरच्या पात्या लवकर झिजतात, तेव्हा पावसाळ्यानंतर त्या साध्या पाण्याने, कमी दाबाने धुवाव्यात.

६. क्राऊन-पिनियनची खरेदी

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने-नवे सुटे भाग मिळतात आणि तिथे जाणकार माणसेही भेटतात, पण क्राऊन-पिनियनच्या बाबतीत एक नियम मोडू नये : जोडी नेहमी जोडीनेच घ्यावी. ही दोन चाके कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असतात आणि दोघांवर बहुधा एकच जोड-क्रमांक कोरलेला असतो. एका गाडीचे क्राऊन आणि दुसरीचे पिनियन, दात मोजून बरोबर असले तरी, एकत्र शांतपणे चालणार नाहीत. दुकानातच दोन्हींवरचा क्रमांक उजेडात धरून वाचा.

रेशो बदलताना क्राऊन ज्यावर बसते तो कॅरियरही बदलावा लागू शकतो. उदाहरणार्थ, डाना ४४ या अ‍ॅक्सलमध्ये ३.७३ पर्यंतच्या रेशोंना एक कॅरियर आणि ३.९२ पासून पुढच्यांना दुसरा. जोडी आणल्यावर हे कळले की आठवडे जातात. गाडी फोर-बाय-फोर असेल तर पुढच्या अ‍ॅक्सलचा रेशोही तोच करावा लागतो. पुढे-मागे वेगवेगळे रेशो ठेवून कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील लावले तर ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांना शक्ती वाटणारा भाग) पिळवटून निघतो. म्हणजे खर्च दुप्पट होतो, हे आधीच धरून चाला.

सोबत नवी बेअरिंग, ऑइल सील, क्रश स्लीव्ह (नट कसताना दबणारी नळी), पिनियनचा नट, क्राऊनचे बोल्ट, वेगवेगळ्या जाडीच्या शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) आणि पुस्तिकेत सांगितलेले जीएल-५ दर्जाचे गिअर ऑइल घ्यावे. क्रश स्लीव्ह एकदाच दबते, जुनी परत वापरू देऊ नका. लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल असेल तर तेलात त्यासाठीचे मिश्रण लागते.

७. बसवताना गॅरेजमध्ये स्वतः उभे राहा

हे काम घरी, सोसायटीच्या आवारात करण्यासारखे नाही. बेअरिंगसाठी प्रेस, पुलर, टॉर्क पाना आणि चुंबकाच्या पायाचा डायल गेज (बारीक अंतर मोजणारे काट्याचे साधन) ही चार साधने गॅरेजमध्ये आहेत का, हे आधी विचारा. डायल गेज नसेल तर नम्रपणे दुसरे गॅरेज शोधा.

माझी पहिली जोडी बसवणाऱ्या गॅरेजमध्ये सगळे हाताच्या अंदाजाने झाले. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलला की सत्तरच्या वेगाला मागून बारीक किंकाळीसारखा आवाज येई. परत नेली तेव्हा मिस्त्री म्हणाले, "साहेब, नवीन आहे, थोडा आवाज येणारच, चालून चालून बसेल." मी विश्वास ठेवला. सहाशे किलोमीटरनंतर हाउजिंग उघडले तेव्हा दातांच्या वरच्या कडेला चकचकीत पट्टा पडला होता आणि ती जोडी फुकट गेली. गिअरची किंकाळी कधीही चालून बसत नाही; ती पहिल्या दिवशीच चुकीची असते.

दुसऱ्या वेळी, दुसऱ्या ठिकाणी, मी स्टूल टाकून बसलो. तुम्ही पाहायच्या गोष्टी अशा :

पिनियनच्या बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे त्यावर आधीच ठेवलेला दाब. सील आणि क्राऊन बसवण्याआधी पिनियन फिरवायला लागणारा जोर मोजायचा असतो. नव्या बेअरिंगना तो बऱ्याच अ‍ॅक्सलमध्ये १.७ ते २.८ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. नट थोडा-थोडा कसत, दर वेळी मोजत जायचे. मर्यादा ओलांडली तर नट सैल करून भागत नाही, नवी क्रश स्लीव्ह घालून पुन्हा सुरुवात करावी लागते.

बॅकलॅश. पिनियन घट्ट धरून क्राऊन हलवले की दातांमधली सैल जागा डायल गेजवर दिसते. बहुतेक अ‍ॅक्सलना ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर चालते; तुमच्या अ‍ॅक्सलचा आकडा जोडीसोबतच्या कागदावर पाहा. क्राऊनच्या तीन-चार ठिकाणी मोजायला सांगा, एकाच ठिकाणी नव्हे.

दातांवरची खूण. यासाठी पिवळा किंवा निळा मार्किंग लेप येतो. पाच-सहा दातांना तो ब्रशने लावतात, क्राऊनला लाकडाने थोडा अडसर देऊन पिनियन दोन्ही दिशांनी फिरवतात आणि मग बॅटरीच्या उजेडात पाहतात. लेप जिथे पुसला जातो तिथे दात दाताला भेटतो. भुवईसारखा तो ठसा दाताच्या उंचीच्या मधोमध हवा. ठसा मुळाशी सरकला असेल तर पिनियन फार आत आहे आणि शिम पातळ करावी लागेल. वरच्या कडेला असेल तर पिनियन बाहेर आहे आणि शिम जाड करावी लागेल. शिमचा हा हिशेब, ती पिनियनच्या डोक्याखाली बसते अशा नेहमीच्या रचनेचा आहे. त्या दिवशी पिनियन चार वेळा काढले आणि घातले गेले, आणि चौथ्या वेळी ठसा मध्यावर आला. मिस्त्रींनी एकदाही कंटाळा दाखवला नाही. असा माणूस मिळाला की मजुरीत घासाघीस करू नका. ठशाचा फोटो काढून ठेवा.

८. गाडीच्या संगणकाला नवा रेशो सांगा

ज्या गाड्यांत वेग गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टवरून मोजला जातो, तिथे रेशो बदलला की स्पीडोमीटर खोटे बोलू लागते. चाकांवरील एबीएस सेन्सरवरून वेग घेणाऱ्या गाड्यांत काटा बरोबर राहतो, पण गिअरबॉक्सचा संगणक शाफ्टचे फेरे आणि चाकांचे फेरे ताडून पाहतो, त्यांचा मेळ बसत नाही आणि तो गिअर चुकीच्या वेळी टाकतो किंवा दोषाचा दिवा लावतो. लॉक-अप चुकीच्या वेळी सुटला तर आपण ज्यासाठी एवढे केले तेच वाया जाते. म्हणून काम देण्याआधीच विचारा की तुमच्या मॉडेलमध्ये रेशो आणि टायरचे माप स्कॅनरने बदलता येते का. येत नसेल तर रेशो बदलण्याचा विचार सोडून कूलरवर भागवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

९. नवी जोडी रुळू द्या

पहिल्या दिवशी ट्रेलर न लावता पंचवीस-तीस किलोमीटर हळू चालवून गाडी थांबवावी आणि हाउजिंग पूर्ण थंड होऊ द्यावे. असे दोन-तीनदा करावे. पहिले ८०० किलोमीटर ट्रेलर लावू नये आणि सलग भरधाव वेगही टाळावा. त्यानंतर गिअर ऑइल बदलावे. ट्रेलरची पहिली खेप घाटाची नको. पनवेलच्या आसपास सपाट रस्त्यावर पंचवीस किलोमीटर न्यावे, थांबावे, पुन्हा न्यावे. नव्या दातांचा पृष्ठभाग या पहिल्या उष्णतेतच घडतो किंवा बिघडतो.

१०. घाट चढताना आणि उतरताना

शक्य असेल तर पहाटे चारला निघा. गार हवा आणि मोकळा घाट यांची बरोबरी कोणताही कूलर करू शकत नाही.

चढ सुरू होण्याआधीच टो मोड (गिअरबॉक्सची ट्रेलर ओढण्याची सोय) लावावा किंवा हाताने खालचा गिअर निवडावा, म्हणजे गिअरबॉक्स सतत चाचपडत राहत नाही. फेरे थोडे जास्त चालतील. जड गिअरमध्ये रखडण्यापेक्षा तेच बरे.

वाहतूक तुंबली की चढावर गाडी मागे सरकू नये म्हणून अ‍ॅक्सिलरेटरवर ती धरून ठेवण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळा. गाडी उभी आणि इंजिन जोर लावते आहे, म्हणजे इंजिनाची सारीच्या सारी शक्ती तेल तापवण्यात जाते. पहिल्या वर्षी माझा दिवा याच सवयीने पेटला होता. ब्रेकवर थांबा, मिनिटाहून अधिक थांबायचे असेल तर हँडब्रेक लावून न्यूट्रल करा, पुढे तीन-चार गाड्यांची जागा होऊ द्या आणि मग एकदाच सरका. मधल्या जागेत कोणी ना कोणी घुसेल, घुसू द्या.

तापमान १२० कडे निघाले तर एसी बंद करा, थांबण्याच्या अधिकृत जागेवर गाडी घ्या, चाकांना ओट लावा आणि पार्कमध्ये इंजिन चालूच ठेवा, थोडेसे जास्त फेऱ्यांवर. इंजिन बंद केले की तेलाचा पंप थांबतो आणि तापलेले तेल कन्व्हर्टरमध्येच अडकून राहते. दहा-पंधरा मिनिटांत आकडा उतरतो.

उतरताना, चढावर लागला होता तोच गिअर, किंवा त्याच्या खालचा, वापरावा. ट्रेलरचा धक्का ब्रेकच्या चकत्यांवर न येता इंजिनाने पेलला पाहिजे.

११. परतल्यावर

पहिल्या घाटाच्या फेरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी एटीएफचा एक थेंब पांढऱ्या टिपकागदावर टाका. स्वच्छ लाल डाग पसरला तर तेल धड आहे. तपकिरी डाग, मध्ये काळे कण आणि करपलेला वास आला तर तेल बदला. पॅनचा बोल्ट काढून एका वेळी साधारण निम्मेच तेल निघते, बाकीचे कन्व्हर्टरमध्ये राहते, म्हणून थोडे दिवस चालवून पुन्हा एकदा बदलावे लागते.

हाउजिंगच्या ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर ८०० किलोमीटरच्या तेलबदलाच्या वेळी तो स्वतः हातात घेऊन पाहा. त्यावर काळसर, लोण्यासारखी मऊ पूड दिसेल. बोटावर चोळली तर खरखरणार नाही. ती नव्या दातांची पहिली झीज आहे, पुसून बोल्ट परत लावावा. बोटाला टोचणारा चकाकता कीस किंवा दाताचा कोपरा हाती लागला, तर ट्रेलर सोडवा आणि गाडी टो करूनच गॅरेजमध्ये न्या.